डिस्चार्ज झाला, आता पुढे काय? व्यसनमुक्तीच्या ओपीडीबद्दल वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकात दारू सोडवण्यासाठी माणसाला भरती कधी करावं यावर लिहिलं होतं, त्यानंतर मेलवर आणि व्हॉट्सअ‍ॅपवर बरेच प्रश्न आले. वाचताना जाणवलं की बऱ्याच घरांत असं धरून चालतात की केंद्रात महिनाभर ठेवलं की काम झालं, आणि ज्याला महिनाभर राहणं शक्य नाही त्याला वाटतं आपल्यासाठी काही सोयच नाही. दोन्ही समजुतींमुळे माणसं हकनाक परत पितात. म्हणून या वेळी फक्त ओपीडीतल्या, म्हणजे घरी राहून घ्यायच्या उपचारांबद्दलचे प्रश्न घेतलेत. नावं कुणाचीच दिलेली नाहीत.

प्रश्न : मिस्टर एका व्यसनमुक्ती केंद्रात महिनाभर राहून आले. आता दारू बंद आहे, चेहऱ्यावर तेज आलंय. केंद्राने दर आठवड्याला फॉलोअपला बोलावलंय, पण ते म्हणतात मी बरा झालोय, परत परत तिथे जाऊन 'मी दारुडा' कशाला म्हणायचं. सासूबाईंचंही तेच, त्याला सारखं डिवचू नका म्हणतात. मला तर तिथे नेमकं काय करतात हेच माहीत नाही. (कराड)

ताई, दारू बंद आहे ही खरंच मोठी गोष्ट आहे, त्यासाठी तुम्ही दोघांनी काय काय सोसलं असेल याची मला कल्पना आहे. पण केंद्रातल्या महिन्यात काय होतं बघा, शरीरातली दारू निघते, झोप आणि जेवण रुळावर येतं, आपल्याला आजार आहे हे समजतं. आणि हे सगळं होतं अशा जागी जिथे दारू मिळतच नाही, 'काय, आज बसायचं का' असं विचारणारं कुणी नाही, पगार हातात येत नाही, भावकीतला बांधाचा वाद नाही. ते सगळं घरी आल्यावर परत समोर उभं राहतं. प्लॅस्टर काढलं म्हणून कुणी दुसऱ्या दिवशी पोतं उचलत नाही, आधी फिजिओथेरपीच्या चकरा मारतो, तसंच आहे हे. परत पिण्याचा धोका पहिल्या काही महिन्यांत सगळ्यात जास्त असतो आणि नेमकं तेव्हाच माणसाला वाटतं की मी बरा झालो.

आता फॉलोअपला काय होतं ते सांगते. चांगल्या ठिकाणी सायकियाट्रिस्ट दर वेळी झोप, भूक, बीपी, मूड बघतात, मधून मधून लिव्हरची रक्ततपासणी करतात, दारूची ओढ कमी करणारी गोळी चालू असेल तर तिचा त्रास होतोय का विचारतात. काही जणांना मुळात डिप्रेशन असतं आणि ते दारूआड लपलेलं असतं, दारू थांबल्यावर काहींचं काही आठवड्यांत आपोआप निवळतं, काहींचं नाही निवळत, त्यांना त्याची वेगळी गोळी लागते, आणि हे तपासल्याशिवाय कळत नाही. घरच्यांना वाटतं दारू सोडून पण हा असा गप्प गप्प का राहतो, चिडतो का.

मग काउन्सेलरकडे बसायचं. ते कसं चालतं याचं एक उदाहरण देते. काउन्सेलर कोरा कागद पुढे करतो आणि म्हणतो, कामावरून घरी यायचा रस्ता काढा. माणूस काढतो, गेट, मग ती टपरी जिथे जुने मित्र उभे असतात, पुढे परमिट रूम, मग चुलत्याचं घर जिथे शनिवारी बाटली निघते. मग एकेका ठिकाणावर बोलणं होतं, इथे आलं की काय होतं, किती वाजलेले असतात, शेवटचं कधी खाल्लेलं असतं, त्या दिवशी साहेब काही बोलले होते का. आणि त्याच कागदावर दुसरा रस्ता काढतात, लांबचा पडला तरी चालेल. पगाराच्या दिवशी भाऊ गेटवर घ्यायला येणार, एटीएम कार्ड काही महिने घरात राहणार, संध्याकाळी सहाच्या आत पोटात काहीतरी जाणार कारण रिकाम्या पोटी ओढ वाढते, आणि ओढ आलीच तर पहिला फोन कुणाला करायचा ते नाव कागदावर वरच लिहायचं. ओढ बहुतेक वेळा अर्ध्या तासाच्या आत ओसरते, तेवढा वेळ कुणाशी तरी बोलत राहिलं तरी निभावतं. पुढच्या आठवड्यात माणूस येऊन सांगतो की रस्ता बदलला पण मित्रच घरी आला, मग तो कागद परत दुरुस्त होतो. हे केंद्रात राहून कसं करणार? तिथे घरचा रस्ताच नसतो ना.

तिसरी गोष्ट ग्रुप. गोल करून बसतात, ज्याला बोलायचंय तो बोलतो, बाकीचे ऐकतात. मिस्टरांना जे वाटतंय की तिथे हिणवतील, तसं काही नसतं, तिथे बसलेला प्रत्येक जण त्यातूनच आलेला असतो. एखादा रिक्षावाला पाच वर्षं सोबर, म्हणजे दारूपासून लांब, असतो आणि तो सांगतो की मुलीच्या लग्नात मी काय केलं, ते जे पटतं ते तुमच्या माझ्या सांगण्याने पटत नाही.

आणि यात तुमच्यासाठीही जागा असते. पुण्यात येरवड्याला मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र आहे, डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी १९८६ मध्ये पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांच्या मदतीने सुरू केलेलं. तिथला भरतीचा कोर्स ३५ दिवसांचा, पण त्यानंतरच्या फॉलोअपवर त्यांचा पहिल्यापासून भर आहे आणि पत्नींसाठी 'सहचरी' नावाचा वेगळा गट आहे. दारू सोडणाऱ्यांनीच चालवलेल्या अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसच्या गटांच्या जोडीला घरच्यांसाठी अल-अ‍ॅनॉनच्या मीटिंग असतात, फी नसते, नाव विचारत नाहीत. मिस्टर नाहीच गेले तर तुम्ही एकट्या जा. पाकीट तपासणं, तोंडाचा वास घेणं, जुनं उकरणं हे सगळं तुम्ही भीतीपोटी करता हे मला कळतं, पण त्याऐवजी काय करायचं हे तिथे शिकवतात, आणि घरातलं एक माणूस वेगळं वागायला लागलं की दुसऱ्यालाही हलावं लागतं. सासूबाईंना एकदा फॅमिली मीटिंगला सोबत न्या. त्यांचाही जीव मुलासाठीच तुटतोय, फक्त हा आजार आहे हे त्यांना अजून कुणी नीट सांगितलेलं नाही.

प्रश्न : वय ३१, चाकणला सीएनसी ऑपरेटर, कंत्राटी. रोज रात्री क्वार्टर, सुट्टीला जास्त. आता सकाळी हात थरथरतात, थोडी घेतली की थांबतात. सोडायचीय पण महिनाभर भरती झालो तर काम जाईल. ओपीडीत सुटते का? आणि कंपनीत कळलं तर?

मित्रा, तू स्वतःहून विचारलंस याचं मला फार बरं वाटलं. सुटते, ओपीडीत बऱ्याच लोकांची सुटते. पण आधी एक गोष्ट नीट वाच, आज रात्रीपासून एकदम बंद करायची असं ठरवून खोलीवर एकटा पडून राहू नकोस. सकाळचे हात थरथरणं आणि घेतली की थांबणं याचा अर्थ शरीर दारूवर अवलंबून झालंय. अशा माणसाने अचानक थांबवली की सहा-आठ तासांत थरथर, घाम, मळमळ सुरू होते, पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते आणि दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमारास काहींना भ्रम होतो, नसलेली माणसं दिसतात, वेळेवर उपचार नाही मिळाले तर जिवावर बेततं. 'मनाचा निश्चय केला पण जमलं नाही' म्हणणारे कितीतरी जण या त्रासाला घाबरून परत प्यायलेले असतात, त्यात निश्चयाचा काही दोष नसतो.

म्हणून पहिली पायरी सायकियाट्रिस्ट. ते विचारतील आधी कधी फिट आली होती का, भ्रम झाला होता का, कावीळ किंवा लिव्हरचं काही, झोपेच्या गोळ्या किंवा दुसरं काही घेतोस का, जीव द्यावासा वाटतो का, घरी सोबत कोण आहे. यातलं काही असेल किंवा खोलीवर बघायला कुणीच नसेल तर काही दिवसांची भरती लागेल, आणि ती महिनाभराची नसते, डिटॉक्सपुरती, म्हणजे शरीरातली दारू सुरक्षितपणे उतरवण्यापुरती, आठवडाभराची असते. नसेल तर घरीच करता येतं. क्लोरडायझेपॉक्साइडसारखी गोळी पहिल्या दिवशी जास्त, मग रोज थोडी थोडी कमी करत साधारण आठवडा-दहा दिवसांत बंद करतात, सोबत बी-१ व्हिटॅमिन, कारण दारूने ते संपलेलं असतं आणि त्याच्या कमतरतेने मेंदूला इजा होते. या गोळीवर दारू अजिबात चालत नाही. गोळीने गुंगी येते म्हणून त्या दिवसांत मशीनवर उभं राहायचं नाही आणि बाईकही चालवायची नाही, हे तुझ्या कामात फार महत्त्वाचं आहे, म्हणजे तेवढ्या दिवसांची रजा काढावीच लागेल, गावाकडून आई किंवा भावाला बोलावून घे. आणि डॉक्टरांनी थांबवली की ती गोळी थांबव, मेडिकलमधून परत आणू नकोस, तिचीही सवय लागते.

हे झालं की खरं काम. नालट्रेक्सोन नावाची गोळी आहे, ती ओढ कमी करते आणि चुकून घेतलीच तर पहिल्यासारखी मजा येऊ देत नाही, अकॅम्प्रोसेट आहे, लिव्हर खराब असेल तर काही डॉक्टर बॅक्लोफेन देतात. कुठली ते तुझे रिपोर्ट बघून ठरतं, आणि ती काही महिने घ्यायची असते, पंधरा दिवसांत बरं वाटलं म्हणून सोडायची नाही. सोबत काउन्सेलिंग, सुरुवातीला दर आठवड्याला, मग पंधरा दिवसांनी, मग महिन्याने. शिफ्ट सांभाळून येणारे पेशंट खूप असतात, खासगी क्लिनिक आणि काही संस्था संध्याकाळी चालू असतात, पहिल्या व्हिजिटलाच शिफ्टचं सांगून ठेव.

थोडंसं बोलून काय होतं असं वाटत असेल तर गोव्यातलं एक काम सांगते. तिथल्या 'संगत' या संस्थेने सरकारी प्राथमिक आरोग्य केंद्रांत एक अभ्यास केला, तो २०१७ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आला. डॉक्टर नसलेल्या, गावातल्याच ट्रेनिंग दिलेल्या लोकांनी पिणाऱ्या पुरुषांशी जास्तीत जास्त चार वेळा, दर वेळी अर्धा-पाऊण तास बोलायचं, एवढाच उपचार. तीन महिन्यांनी विचारलं तेव्हा मागच्या १४ दिवसांत अजिबात न प्यायलेले त्या गटात ४२ टक्के होते आणि नेहमीच्या उपचारांच्या गटात १८ टक्के. ते पुरुष तुझ्याइतके दारूवर अवलंबून झालेले नव्हते, त्यामुळे तुला नुसत्या बोलण्यावर भागणार नाही, डॉक्टर लागतीलच. पण आपल्यातल्याच माणसाशी नीट चार वेळा बोलल्याने एवढा फरक पडतो हे मला फार मोलाचं वाटतं.

कंपनीचं म्हणशील तर २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात दारू आणि ड्रग्जमुळे होणारे त्रासही येतात आणि पेशंटची माहिती गुप्त ठेवणं त्या कायद्याने बंधनकारक आहे. डॉक्टर स्वतःहून सुपरवायझरला फोन करून सांगणार नाहीत. सर्टिफिकेटवर काय लिहायचं हेही त्यांच्याशी मोकळेपणी बोलून घे.

प्रश्न : भाऊ ऐकतच नाही. एका ओळखीच्यांनी पावडर सांगितलीय, जेवणात मिसळून द्यायची, त्याला कळत पण नाही आणि दारू सुटते म्हणे. मागवू का? (नांदेड)

नको ताई. कृपा करून नको.

अशा पावडरीत काय आहे हे कुणालाच माहीत नसतं, आणि त्यात डायसल्फिराम असेल तर भाऊ दगावू शकतो. हे औषध खरं आहे, डॉक्टरही देतात. दारू शरीरात मोडताना मधल्या टप्प्यावर एक विषारी पदार्थ तयार होतो, एरवी तो लगेच पुढे मोडला जातो, ही गोळी ते थांबवते. त्यामुळे गोळीवर दारू प्यायली की चेहरा लाल होतो, छाती धडधडते, उलट्या होतात, बीपी कोसळतं, हार्टचा त्रास असलेल्या माणसाचा जीव जाऊ शकतो. शेवटच्या घोटानंतर निदान १२ तास गेल्याशिवाय ती सुरूच करत नाहीत, आणि गोळी बंद केल्यावरही जवळजवळ दोन आठवडे तो धोका राहतो. ज्याला माहीतच नाही तो तर नेहमीसारखा पिणार. म्हणून डॉक्टर ती फक्त माणसाला सगळं सांगून, त्याच्या संमतीने देतात, आधी लिव्हर आणि हार्ट बघतात, अल्कोहोल असलेली खोकल्याची औषधं टाळायला सांगतात, पेशंटने खिशात चिठ्ठी ठेवायची की मी या गोळीवर आहे.

तीच गोळी माणसाच्या मर्जीने, रोज सकाळी चहाच्या वेळी बायकोच्या किंवा आईच्या डोळ्यादेखत घेतली तर चांगला उपयोग होतो. सकाळी एकदा ठरलं की दिवसभर 'घेऊ का नको' ही झुंज राहत नाही. पण ते त्याने ठरवायचं. आणि लपवून दिलेलं त्याला एक दिवस कळतंच, मग तो तुमच्या हातचं खाणार नाही आणि डॉक्टरकडेही येणार नाही. तो ऐकत नाही तोवर तुम्ही ओपीडीत जाऊन काउन्सेलरला भेटा, पेशंट नसला तरी घरच्यांशी बोलतात. प्यायलेला असताना विषय काढायचा नाही, सकाळी काढायचा, तोही तो स्वतः वैतागलेला असेल अशा सकाळी, आणि त्याच दिवशी जाता येईल अशी अपॉइंटमेंट आधी घेऊन ठेवायची. हो म्हणाला की चार दिवस थांबायचं नाही.

प्रश्न : मुलगा अमेरिकेत, न्यू जर्सीला. पाठीच्या दुखण्यावरच्या गोळ्यांची सवय लागली. सून म्हणते तो 'आयओपी'ला जातो, संध्याकाळी जाऊन घरी येतो, आणि जिभेखाली ठेवायचं औषध घेतो. हे म्हणजे एक गोळी सोडून दुसरी धरली असं नाही का? आणि क्लिनिकला आम्ही मेल केला तर ते काहीच सांगत नाहीत. (डोंबिवली)

काकू, जिभेखालचं औषध म्हणजे बहुतेक ब्युप्रेनॉर्फिन. तुमची शंका खूप जणांना येते, पण ते औषध नीट डोसमध्ये नशा देत नाही, ओढ आणि जुन्या गोळ्या सोडल्यावर होणारी अंगदुखी, जुलाब, तळमळ हा सगळा त्रास थांबवतं, माणूस कामावर जाऊ शकतो, गाडी चालवू शकतो, आणि मुख्य म्हणजे ओव्हरडोसने मरण्याचा धोका बराच कमी होतो. अमेरिकेत बाजारातल्या नशेच्या गोळ्यांत फेंटानिल या फार जहाल नशेच्या औषधाची भेसळ इतकी आहे की हे फार महत्त्वाचं आहे. तुम्ही फोनवर 'ते कधी बंद करणार' असं विचारत जाऊ नका, घाईने बंद केलं की धोका उलट वाढतो. हेच औषध आपल्याकडेही सरकारी व्यसनमुक्ती केंद्रांतून दिलं जातं.

आयओपी म्हणजे दाट ओपीडी समजा, आठवड्याला निदान नऊ तास, साधारण तीन दिवस तीन-तीन तास, ग्रुप, एकट्याचं काउन्सेलिंग, लघवीची तपासणी, फॅमिली सेशन. नोकरी आणि घर सांभाळून करता यावं यासाठीच ते असतं. क्लिनिक बोलत नाही कारण तिथल्या केंद्रीय नियमानुसार व्यसनाच्या उपचारांची माहिती पेशंटच्या लेखी परवानगीशिवाय आईवडिलांनाही देता येत नाही. मुलाला म्हणा तुझी इच्छा असेल तर एका फॅमिली सेशनला व्हिडिओवर मला घे, नसेल तर राहू दे. सुनेला सांगा घरात नालोक्सोनचा नाकातला स्प्रे ठेव, २०२३ पासून तिथे तो चिठ्ठीशिवाय मिळतो, ओव्हरडोस झाला तर त्याने जीव वाचतो. आणि तिला अधूनमधून विचारा, तू कशी आहेस. तिच्यावर काय ओढवलंय ते ती तुम्हाला सांगत नसणार.

प्रश्न : आठ महिने सोबर होतो. मेव्हण्याच्या हळदीत दोन पेग झाले. आता फॉलोअपला कुठल्या तोंडाने जाऊ? (नाशिक)

याच तोंडाने, आणि उद्याच. याला स्लिप म्हणतात आणि ओपीडीत हे रोज ऐकतात, कुणी ओरडणार नाही. घोटाळा दोन पेगने होत नाही, त्यानंतर लाजेने लपून बसण्याने होतो, कारण लपलं की 'आता मोडलंच आहे तर' म्हणून तिसरा पेग येतो. आठ महिने कुठे गेले नाहीत, त्यात जे शिकलात ते तुमच्याकडेच आहे. डायसल्फिराम चालू असताना प्यायला असाल तर मात्र उद्याची वाट न बघता डॉक्टरांना आत्ता फोन करा. काउन्सेलर हळदीचा तो सगळा दिवस उलगडून विचारेल, जेवला होतात का, कुणाशेजारी बसलात, निघायचं आधी ठरलं होतं का. पुढच्या लग्नाला उशिरा जा, अक्षता टाकून, जेवून लवकर निघा, हातात स्वतःचा ग्लास भरलेला ठेवा. आणि बायकोला तुम्हीच सांगा, तिला दुसऱ्याकडून कळायच्या आत.

प्रश्न : आमच्या तालुक्यात सायकियाट्रिस्टच नाही. वडिलांना कुठे न्यायचं? खर्च झेपणारा नाही. (वाशिम)

आधी १४४४६ वर फोन करा, ही केंद्र सरकारची व्यसनमुक्तीची टोल फ्री हेल्पलाइन आहे, जवळचं सरकारी किंवा अनुदानित केंद्र तिथून कळतं. मन खचलंय, जीव द्यायच्या गोष्टी करतात असं असेल तर टेलिमानस ही सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाइन, १४४१६, दिवसरात्र चालू असते आणि मराठीत बोलता येतं. जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभाग असतो, जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाची टीम ठरलेल्या दिवशी तालुक्यांतही येते, तुमच्याकडे कुठला वार ते आशाताईंना किंवा ग्रामीण रुग्णालयात विचारा. गडचिरोलीत मुक्तिपथ या व्यसनमुक्तीच्या उपक्रमाने तालुक्याच्या गावी आठवड्याला क्लिनिक आणि गावांत शिबिरं सुरू केली, लोक शेतातली कामं सांभाळून येतात, असं प्रत्येक जिल्ह्यात व्हायला हवं ही माझी मनापासून इच्छा आहे. अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसची मीटिंग जवळच्या शहरात असेल तर तिथे एक पैसा लागत नाही.

खासगी केंद्राकडे वळलात तर राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाकडे नोंदणी आहे का ते विचारा, डॉक्टर कोण आणि कधी येतात ते विचारा. 'शंभर टक्के गॅरंटी' म्हणणाऱ्यांकडे, रात्री गाडी पाठवून उचलून नेतो म्हणणाऱ्यांकडे, घरच्यांना भेटूच देत नाहीत अशांकडे वडिलांना सोडू नका.

जाताना जुने रिपोर्ट, चालू गोळ्यांची पाकिटं, आधार कार्ड घ्या आणि वडील रोज किती पितात, देशी की हातभट्टी, शेवटची कधी घेतली, आधी फिट आली होती का हे एका कागदावर लिहून न्या, कारण डॉक्टरांसमोर ते कमीच सांगणार. त्या सकाळी प्यायले असले तरी न्या. आणि लवकर निघा, सरकारी दवाखान्यात केसपेपरची खिडकी बहुतेक ठिकाणी दुपारच्या आत बंद होते.